टेलिव्हिजनपुढे बसणाऱ्यांना प्रश्न विचारणारा विद्वान : प्रा. एलिहू काट्झ

आपल्या घरी टेलिव्हिजन कधी आला, असा प्रश्न इस्रायलमधील कोणत्याही बेने इस्राएल कुटुंबात विचारावा. लगेच हप्त्यांची, गच्चीवर एरियल बसविण्याची आणि पहिल्या दिवशी कोण कोण शेजारी येऊन बसले त्याची हकीकत निघते. परंतु ह्या देशात टेलिव्हिजन कोणी उभा केला, आणि त्याच्यापुढे बसणाऱ्या साध्या माणसांना काय वाटते हे विचारण्यात आयुष्य कोणी वेचले, ही हकीकत आपल्यात फारशी सांगितली जात नाही. ही दोन्ही कामे एकाच विद्वानाने केली. त्यांचे नाव प्रा. एलिहू काट्झ. ३१ डिसेंबर २०२१ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी यरुशलेम येथे ते निवर्तले. त्यांचा आपल्या समाजाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो काहीसा चुटपुट लावणारा आहे. म्हणून हा लेख.

ईयोबाच्या ग्रंथात एलिहू नावाचा एक तरुण आहे. वडीलधारी माणसे बोलत असेतो तो थांबतो, ऐकतो, आणि मग तोंड उघडतो. काट्झ यांनी हे नाव सार्थ केले, कारण लोकांचे ऐकून घेणे हाच त्यांचा व्यवसाय झाला. त्यांचा जन्म १९२६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ज्यू कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकन सैन्यात जपानी भाषा शिकले. युद्धानंतर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्राचा अभ्यास केला. एम. ए. च्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो असा : रेडिओवरील एका लोकप्रिय कार्यक्रमाला श्रोत्यांनी पाठविलेली पत्रे. रेडिओवरच्या माणसाला लोक पत्र का लिहितात, त्याच्याजवळ मन का मोकळे करतात, हा प्रश्न तेव्हाच्या पंडितांना क्षुल्लक वाटला असेल. ज्यांनी रेडिओ सिलोनला फर्माइशीची पोस्टकार्डे पाठविली आहेत त्या आमच्या पिढीला तो मुळीच क्षुल्लक वाटणार नाही.

त्या काळी विद्वानांत एक समजूत प्रबळ होती. रेडिओ, वर्तमानपत्र व सिनेमा ही इंजेक्शनची सुई आहे. जे औषध त्यात भराल ते लोकांच्या अंगात जाईल आणि सगळ्यांवर सारखाच परिणाम करील. हिटलरच्या प्रचाराचा अनुभव ताजा होता, तेव्हा ही भीती निराधार नव्हती. तथापि, ज्यांनी रुग्णालयात वर्षानुवर्षे सुया टोचल्या आहेत अशा आम्हा परिचारिकांना ही उपमा पटत नाही. तेच औषध एका खाटेवरच्या रुग्णाला उतार देते आणि शेजारच्या खाटेवर पुरळ उठविते. काट्झ आणि त्यांचे गुरू पॉल लाझार्सफेल्ड यांनी नेमका हाच मुद्दा पुराव्यानिशी मांडला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डिकेटर नावाचे शहर आहे. तेथील सुमारे ८०० स्त्रियांच्या १९४५ साली मुलाखती घेण्यात आल्या होत्या. बाजारहाट, कपड्यांची फॅशन, सिनेमा आणि सार्वजनिक प्रश्न ह्यांबाबत तुम्ही मत बदललेत ते कोणाच्या सांगण्यावरून, असे त्यांना विचारले होते. ह्या माहितीवर आधारलेला दोघांचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष असा की बातमी किंवा जाहिरात थेट माणसाच्या मनात उतरत नाही. ती आधी ओळखीच्या, विश्वासाच्या एखाद्या व्यक्तीकडे जाते आणि तिच्या तोंडून इतरांकडे पोहोचते. बाजारहाटाच्या बाबतीत मोठ्या कुटुंबातील गृहिणीचा शब्द चालतो, सिनेमाच्या बाबतीत तरुण मुलींचा. हाच तो ‘दोन टप्प्यांचा प्रवाह’.

हे वाचताना आपल्याला कोकण आठवल्याशिवाय राहत नाही. गावात एकाच घरी वर्तमानपत्र येई आणि ओटीवर बसून कोणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवी. पुढे अलियाचा प्रश्न आला तेव्हा सोखनूतची माहितीपत्रके होती, सभा होत, व्याख्याने होत. परंतु किती कुटुंबांनी केवळ पत्रक वाचून घरदार आवरले? बीरशेबाहून मावशीचे पत्र आले, लोदहून चुलतभावाने लिहिले, तेव्हाच ट्रंका बांधल्या गेल्या. उलट, येथे फार हाल आहेत, थोडे थांबा, असे पत्र आले तर तयारी तशीच राहिली. आपल्या समाजाच्या स्थलांतराचा इतिहास लिहावयाचा तर सरकारी कागदांइतकीच ही निळी एअर लेटरे महत्त्वाची आहेत, हे काट्झ यांच्या अभ्यासावरून ध्यानात येते.

आमच्या व्यवसायाला जवळचे असे त्यांचे आणखी एक संशोधन आहे. जेम्स कोलमन व हर्बर्ट मेंझेल ह्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी इलिनॉयमधील चार शहरांत, नवे औषध डॉक्टर मंडळी केव्हा व कशी वापरू लागतात ह्याचा शोध घेतला. त्यासाठी औषधाच्या दुकानांतील चिठ्ठ्या तपासण्यात आल्या. हा ग्रंथ १९६६ साली निघाला. वैद्यकीय नियतकालिके आणि कंपन्यांची माणसे डॉक्टरांना औषधाची माहिती देत. पण ज्या डॉक्टरांचे इतर डॉक्टरांशी येणेजाणे होते, मैत्री होती, ते नवे औषध लवकर लिहू लागत आणि एकलकोंडे डॉक्टर मागे राहत. शिकलेसवरलेले डॉक्टरसुद्धा शेवटी मित्राला विचारूनच पाऊल टाकतात, हे रुग्णालयातील कोणाही परिचारिकेला ठाऊक असते. काट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकड्यांनी दाखवून दिले.

१९५० च्या दशकातच काट्झ शिकागो विद्यापीठ आणि यरुशलेमचे हिब्रू विद्यापीठ अशी ये-जा करू लागले, आणि पुढे येथेच स्थायिक झाले. लक्षावधी नवे ओलीम येत होते. समाजशास्त्रज्ञ आयझेनश्टाट यांच्याबरोबर १९६० साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी एक मार्मिक गोष्ट टिपली. ज्या माणसाला बसमध्ये कसे चढावे, कचेरीत कोणता अर्ज द्यावा हे माहीत नाही, त्याच्यापुढे बसचालक आणि अधिकारी ह्यांना आपला ठराविक कारभार सोडून शिक्षक व्हावे लागते. आपल्यातील जुन्या मंडळींना ह्याची दुसरी बाजूही आठवेल; सगळेच शिक्षक प्रेमळ नव्हते. पण जी परिचारिका तान्ह्या मुलांच्या दवाखान्यात नव्या आईला तिच्या भाषेतले चार शब्द शिकून समजावीत असे, तिला लोक आजही नावाने ओळखतात.

हिब्रू विद्यापीठात काट्झ यांनी संज्ञापनशास्त्राची संस्था उभारली. तेवढ्यात इतिहासाने त्यांच्यावर निराळेच काम टाकले. इस्रायलमध्ये १९६६ साली शाळांसाठी शैक्षणिक टेलिव्हिजन सुरू झाला होता. सर्वसाधारण टेलिव्हिजन मात्र नव्हता. बेन-गुरियन यांचा त्याला विरोध होता. लोक वाचन सोडतील, चैनीची चटक लागेल, अशी अनेकांना भीती होती. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धानंतर चित्र पालटले. शेजारच्या अरब देशांची टेलिव्हिजन केंद्रे इस्रायलमधील घराघरांत दिसत होती, आणि आपलाही आवाज अरबी बोलणाऱ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे असे लेवी एश्कोल यांच्या सरकारला वाटू लागले. टेलिव्हिजन उभारण्यासाठी नेमलेल्या पथकाचे प्रमुखपद काट्झ यांच्याकडे आले. २ मे १९६८ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या यरुशलेममधील लष्करी संचलनाचे चित्रण दाखवून प्रक्षेपणाचा आरंभ झाला. मुंबईत टेलिव्हिजन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे आपल्यापैकी जे त्यापूर्वी मुंबई सोडून आले, त्यांना टेलिव्हिजनचे पहिले दर्शन बहुधा येथेच घडले, आणि तेही हिब्रू व अरबी भाषांत.

एका प्राध्यापकाने टेलिव्हिजन केंद्र चालवावे ही गोष्ट सोपी नव्हती. काट्झ यांनी त्या अनुभवावर १९७१ साली निबंध लिहिला. ग्रंथाचे लोक म्हणविणाऱ्यांच्या घरी टेलिव्हिजन येतो, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. वाद लगेच सुरू झाले. शब्बाथच्या रात्री प्रक्षेपण करावे की नाही, ह्यावरून १९६९ साली सरकार डळमळले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबरमध्ये शुक्रवार रात्रीचे प्रक्षेपण सुरू झाले. तोवर काट्झ विद्यापीठात परतले होते. केंद्र चालविण्यापेक्षा प्रेक्षकांना प्रश्न विचारणे हेच त्यांचे खरे क्षेत्र होते.

१९७० साली त्यांनी व मायकेल गुरेविच आणि हदासा हास ह्या सहकाऱ्यांनी इस्रायलमधील सुमारे १५०० प्रौढांपुढे ३५ गरजांची यादी ठेवली. स्वतःला ओळखणे, देशाचा अभिमान वाटणे, कुटुंबाबरोबर वेळ घालविणे, रोजच्या कटकटी विसरणे, अशा त्या गरजा. कोणती गरज पुस्तक भागविते, कोणती वर्तमानपत्र, कोणती रेडिओ, सिनेमा वा टेलिव्हिजन, असे विचारले. स्वतःला जाणून घेण्यास लोकांनी पुस्तकाला पसंती दिली. देशाशी व समाजाशी नाते राखण्यास वर्तमानपत्राला. करमणुकीस सिनेमा आणि टेलिव्हिजनला. परंतु सर्वांत लक्षात ठेवण्याजोगे उत्तर हे की मित्र, कुटुंब, सण आणि स्वतःचे काम ह्यांतून मिळणारे समाधान ह्या सर्व साधनांपेक्षा अधिक आहे, असे लोक म्हणाले. प्रसारमाध्यमे माणसांचे काय करतात, ह्याऐवजी माणसे प्रसारमाध्यमांचे काय करतात, असा प्रश्न विचारणारी जी विचारधारा पुढे जगभर पसरली, तिच्या आद्य पुरस्कर्त्यांत काट्झ यांची गणना होते.

१९ नोव्हेंबर १९७७ ची रात्र आपल्यापैकी कोण विसरेल? शब्बाथ संपला आणि ईजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात लोद येथील विमानतळावर उतरले. काल-परवापर्यंतचा शत्रू शिडीवरून खाली येत होता आणि सारा देश घरात बसून ते पाहत होता. काट्झ यांना त्या रात्रीत संशोधनाचा विषय दिसला. दानिएल दायान ह्यांच्याबरोबर त्यांनी १९९२ साली ग्रंथ लिहिला. चंद्रावर माणसाचे उतरणे, केनेडींची अंत्ययात्रा, पोप यांची पोलंडयात्रा अशा प्रसंगी नेहमीचे कार्यक्रम थांबतात, लोक शेजाऱ्यांना बोलावितात, आणि घराचेच एक उत्सवस्थान बनते, असे त्यांनी दाखविले. आपल्याला हे समजावयास ग्रंथाची गरज नाही. मलिदाचे ताट मांडले, एलियाहू हन्नाबीचे नाव घेतले की साध्या दिवाणखान्याचे काय होते हे आपण पिढ्यान् पिढ्या अनुभवीत आहोत. पुढे २००७ साली काट्झ व तामार लीबेस यांनी खेदाने नमूद केले की अशा समारंभांची जागा आता युद्ध, दहशत आणि आपत्ती ह्यांच्या अखंड प्रक्षेपणाने घेतली आहे. त्यानंतरच्या वर्षांत आपण जे पाहिले, त्यावरून ह्या विधानाला वेगळ्या पुराव्याची आवश्यकता उरलेली नाही.

आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस इस्रायलच्या टेलिव्हिजनवर ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका लागे. टेक्सासमधील तेलाच्या धंद्यात गबर झालेले युइंग कुटुंब, दोन भाऊ, दोन जावा, आई-बाप, सगळे एकाच वाड्यात, आणि रोज नवे कारस्थान. (आपल्या शनिवार तेल्यांचे तेल निराळे आणि घाणाही निराळा, पण एका छपराखाली नांदणाऱ्या जावांची कथा आपल्या बायकांना कोणी समजावून सांगावी लागली नाही.) ही मालिका साऱ्या जगावर अमेरिकेचे विचार लादते, असा विद्वानांचा आरोप होता. काट्झ आणि लीबेस म्हणाले, आधी पाहणाऱ्यांना विचारू या. एका घरी तीन जोडपी जमवावयाची, भाग पाहावयाचा, आणि मग विचारावयाचे : जे पाहिले ते न पाहिलेल्या माणसाला तुम्ही कसे सांगाल?

इस्रायलमधील अरब, मोरोक्कोहून आलेले ज्यू, रशियाहून नुकतेच आलेले ज्यू आणि किबुत्झवासी, असे गट निवडले. तुलनेसाठी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथेही गट बसविले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील उत्तरे मोठी बोधप्रद आहेत. अरब व मोरोक्कन मंडळींनी कथा क्रमाने सांगितली. कोणाचे कोणाशी नाते, कोण कोणाशी कसे वागले, ह्यावर त्यांचा भर होता. रशियन मंडळींनी कथा बाजूला ठेवून तिच्यामागे निर्मात्याचा हेतू काय, हे शोधले. अमेरिकन व किबुत्झवासी एकेका पात्राच्या स्वभावाविषयी बोलले. एका भागात धाकटे मूल घेऊन नवऱ्याचे घर सोडणारी सू एलेन आपल्या पूर्वीच्या प्रियकराकडे व त्याच्या वडिलांकडे जाते. अरबांच्या एका गटाने मात्र एकमेकांच्या साक्षीने सांगितले की ती आपल्या स्वतःच्या वडिलांकडे गेली. डोळ्यांनी जे पाहिले त्यावर त्यांच्या रीतीभातींनी मात केली. नवऱ्याचे घर सुटले तर लेक माहेरीच जाणार! जपानमध्ये तर ही मालिका अल्पावधीत बंद पडली. तात्पर्य, अमेरिकेने पाठविली ती एक कथा. प्रत्येक घराने पाहिली ती आपापली.

ह्या गटांत बेने इस्राएल नव्हते. ह्यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. संशोधकाला मोजकेच गट घ्यावे लागतात. पण मनाला चुटपुट लागते. कारण दुसऱ्याची कथा ऐकून ती आपल्या रीतीने सांगणे ही आपल्या समाजाची जुनी कला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आपल्या पूर्वजांनी हरिकीर्तनाचा बाज घेतला, आणि योसेफाची, मोशेची, एलियाहूची आख्याने मराठी पद्यात रचून गायिली. ज्या आयाबायांना हिब्रू वाचता येत नव्हते, त्यांना तोरातील कथा ह्या कीर्तनांतून कळल्या. १९३१ साली भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ निघाला, तो बेने इस्राएल नाटककार जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून. डेव्हिड अब्राहम चेऊलकर ‘डेव्हिड’ ह्या नावाने हिंदी चित्रपटांत घरोघरी पोहोचले. इस्रायलमध्येही ‘आवारा’ आणि ‘संगम’ पाहावयास केवळ आपलेच लोक जात नव्हते. पोलंड-रुमानियाहून आलेलेही जात.

मग आपल्या घरांतून ‘डॅलस’ कशी सांगितली गेली असती? रुग्णालयात एका दालनात एक टेलिव्हिजन असे. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटांची झाडलोट चालली असता रुग्ण आदल्या रात्रीची कथा सांगत, आणि चार रुग्णांच्या चार कथा होत. आपल्यातील एखादी आजी असली तर मुख्य पात्र सासूच ठरे. ‘त्या म्हातारीचे कोणी ऐकत नाही,’ एवढ्यात तिची सारी मालिका येई. हिब्रू धड येत नसे, पाट्या वाचता येत नसत, आणि तरीही कथेत एकही भोक राहत नसे. जेथे शब्द समजत नसे तेथे आजी स्वतःच्या संसारातले घालून घेई. आम्ही हे हसण्यावारी नेले. काट्झ यांचा ग्रंथ वाचल्यावर कळते की हे हसण्यासारखे नव्हते. नव्या देशात आपले जुने शहाणपण वापरण्याची ती रीत होती.

काट्झ यांच्या मतांवर टीकाही झाली. प्रेक्षक इतका स्वतंत्र असता तर जाहिरातींवर कोणी पैसा ओतला नसता, असे टीकाकार म्हणत, आणि त्यात तथ्य आहे. काट्झ स्वतःही निर्धास्त नव्हते. एकच वाहिनी होती तेव्हा रात्री नऊच्या बातम्या जवळजवळ सारा देश एकाच वेळी पाही आणि सकाळी त्यावर वाद घाली. १९९३ साली दुसरी वाहिनी आली, केबल पसरली, आणि १९९६ च्या एका निबंधात त्यांनी धोक्याची सूचना दिली की प्रेक्षक असे विखुरले तर देशाची ती सामाईक चावडी मोडेल. त्या बातम्या देणारे प्रसारण प्राधिकरण २०१७ साली बंद झाले. आज एकाच कोचावर बसलेली चार माणसे चार फोनांत चार गोष्टी पाहतात. काट्झ यांना १९८९ साली इस्रायल पुरस्कार मिळाला. त्यानंतर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातही त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. पण त्यांची ती सूचना आपल्याला पुरस्काराहून अधिक जवळची वाटते, कारण चावडी मोडणे म्हणजे काय हे कोकणातून आणि मुंबईतून उठून आलेल्यांना सांगावे लागत नाही.

वाचक बंधूभगिनींनो, संशोधक आपल्या दाराशी आले नाहीत. आता आपणच एकमेकांच्या दाराशी गेले पाहिजे. घरात ऐंशी-नव्वदीची मंडळी असतील त्यांना चार प्रश्न विचारा. मुंबईत शेवटचा कोणता सिनेमा पाहिला? घरात कीर्तन कोण गात असे, आणि कोणते आख्यान? अलियाचा निर्णय कोणाच्या पत्रावरून झाला? येथे टेलिव्हिजनवर पहिल्याने काय पाहिले, आणि समजले नाही ते कोणी समजावून दिले? मुलाबाळांना हिब्रूत लिहून घेऊ द्या, पण उत्तर मराठीतच बोलू द्या, आणि मध्ये दुरुस्ती करू नका. कथा चुकीची वाटली तरी तशीच उतरवून घ्या. सू एलेनला माहेरी पाठविणाऱ्या त्या मंडळींची चूकच पुस्तकात सर्वांत मोलाची ठरली. उतरविलेले ह्या मासिकाकडे धाडा. सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.